बर्लिनमधले दोन गंधार

'कॅबरे' हा काही मराठी मध्यमवर्गीय घरात मोठ्याने उच्चारायचा शब्द नव्हे. आमच्या पिढीला कॅबरे माहीत झाला तो हिंदी चित्रपटांतून. खलनायकाचा अड्डा, धुराचे लोट, जिन्यावरून उतरणाऱ्या हेलनबाई आणि खांबाआड दबा धरून बसलेला नायक. हे सगळे आम्ही सहकुटुंब पाहिले. फक्त ते गाणे लागले की वडील चष्मा पुसायला घेत आणि आई पिशवीतली शेंगदाण्यांची पुडी शोधू लागे. त्यामुळे बर्लिनला लेकीकडे गेलो असताना, "बाबा, शनिवारी आपण सगळे कॅबरेला जाऊ या," असे तिने जेवणाच्या टेबलावर जाहीर केले, तेव्हा मी आधी जावईबापूंकडे पाहिले. ते बशीतल्या बटाट्याकडे पाहत होते. मग मी सौ.कडे पाहिले.

"या वयात?" सौ. म्हणाली.

"अगं आई, तसला कॅबरे नव्हे. इथे एक बाई गाते आणि एक माणूस पियानो वाजवतो. नुसती गाणी असतात."

"गाणी असतील तर नकोच," ती म्हणाली आणि ताटे उचलायला लागली.

या 'नकोच'ला कारण होते. आमच्या घरात गाणे हा सगळा तिचा प्रांत. मला गाण्यातले कळते ते एवढेच, की चालू आहे की संपले. ती मात्र लहानपणापासून पुण्यात आपल्या थोरल्या भावापाशी शिकली. दादा काही गवई नव्हते. बँकेत नोकरी करीत, पण पेटी अशी वाजवीत की जिन्यात माणसे थबकत. दीड वर्षापूर्वी दादा गेले. त्यांची पेटी आमच्याकडे मुंबईला आली, ती थेट कपाटावर चढली, आणि तिच्यावर जुन्या चादरीची खोळ बसली. त्या दिवसापासून आमच्या घरातले गाणे बंद झाले. पूर्वी भाजी चिरता चिरता ती काहीतरी गुणगुणत असे. आता भाजी नुसतीच चिरली जाते. मी एकदा धीर करून विषय काढला, तर म्हणाली, "दादा गेले, आणि मी इथे तराणे म्हणत बसू?" यावर नवऱ्याने काय बोलायचे असते ते मला अजून कळलेले नाही.

लेकीला हे सगळे ठाऊक होते. किंबहुना आम्हाला जूनमध्ये बर्लिनला बोलावण्यामागे तिचा तोच बेत असावा. तेव्हा 'नकोच' म्हटले तरी शनिवारी आम्ही निघालो. सौ.ने इरकली नेसून वर लोकरीचा स्वेटर चढवला होता. बर्लिनच्या जूनवर तिचा विश्वास नव्हता, आणि तो नसणेच शहाणपणाचे असते.

शोनेबर्ग नावाचा तिकडचा भाग आहे. नोलेनडोर्फप्लात्स या स्टेशनात आगगाडी डोक्यावरून, खांबांवर बांधलेल्या पुलावरून धडधडत येते आणि स्टेशनाच्या माथ्यावर एक घुमट आहे. रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते, पण ऊन अजून घरांच्या वरच्या मजल्यांवर रेंगाळत होते. रस्त्याकडेच्या लिंडनच्या झाडांना बहर आला होता आणि त्याचा मधासारखा वास सगळ्या गल्लीभर पसरला होता. इथूनच जवळ, नोलेनडोर्फ रस्त्यावरच्या १७ क्रमांकाच्या घरात १९३० च्या सुमारास ख्रिस्टोफर इशरवुड हा इंग्रज लेखक बिऱ्हाड करून राहत होता. त्याने बर्लिनवर लिहिलेल्या गोष्टींवरून पुढे १९६६ साली 'कॅबरे' हे संगीत नाटक झाले आणि १९७२ साली चित्रपट. म्हणजे आम्ही अगदी मूळ गावीच आलो होतो.

चालता चालता सौ. एकदम वाकली. मला वाटले, कोणाचे नाणे पडले आहे. पाहतो तो फरसबंदीत हाताच्या पंज्याएवढा, चार बोटे लांब आणि तेवढाच रुंद, पितळी तुकडा बसवलेला. त्यावर बारीक अक्षरे कोरलेली. लेक म्हणाली, "आई, या घरात राहणाऱ्या माणसाचे नाव आहे. नाझींनी त्याला इथून नेले. जन्मसाल, कधी नेले, कुठे मारले, एवढेच लिहितात." गुंटर डेमनिग या कलावंताने हे दगड बसवायला सुरुवात केली, आणि २०२३ सालापर्यंत युरोपभर ते एक लाख झाले. वाचायचे तर वाकावेच लागते. सौ.ने वाकून दोन नावे वाचली, मग पदर सावरून मुकाट्याने चालू लागली. माझ्या मनात आले, झाले, आजची संध्याकाळ गेली.

कॅबरेची जागा एका जुन्या इमारतीच्या मागच्या चौकात, तळघरात होती. वीस-पंचवीस गोल टेबले, प्रत्येकावर मेणबत्ती, एवढासा रंगमंच आणि त्यावर एक वयस्क पियानो. प्रेक्षकांत मोत्यांच्या माळा घातलेल्या आजीबाई होत्या आणि फाटक्या विजारी फॅशन म्हणून घातलेली कॉलेजची पोरेही होती. हेलनबाई कुठेही दिसल्या नाहीत. थोड्या वेळाने काळा कोट घातलेल्या, सत्तरीच्या आसपासच्या एक सडपातळ बाई आल्या. त्यांनी पियानोवाल्या गृहस्थांकडे पाहून मान हलवली, आणि गाणे सुरू झाले.

या प्रकाराचा जन्म पॅरिसचा. १८८१ साली मोंमार्त्र टेकडीवर 'काळे मांजर' या नावाचे पहिले कॅबरे निघाले, आणि १९०१ च्या जानेवारीत ते बर्लिनला पोचले. दोन गाण्यांच्या मधे एक निवेदक येतो, चार खमंग टोमणे मारतो, राजकारण्यांची टोपी उडवतो. आपल्या वगातल्या सोंगाड्याचा हा साहेबी पोशाखातला चुलतभाऊच. पहिल्या महायुद्धानंतर या शहराची अशी दैना झाली, की नोव्हेंबर १९२३ मध्ये पावाच्या एका लादीला सुमारे वीस हजार कोटी मार्क पडत. आणि नेमक्या त्याच दशकात इथली कॅबरे गच्च भरू लागली, याचे मला आश्चर्य वाटत होते.

तिसरे की चौथे गाणे असे ठेक्यात आले, की मी टेबलावर बोटांनी ताल धरला. चाल कशी खेळकर, जत्रेतल्या बाजासारखी. मी हसऱ्या चेहऱ्याने मान डोलवत होतो. लेक माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाबा, आत्ता त्याने एका श्रीमंत माणसाला नाहीसे केले."

"कोणी?"

"मॅकी म्हणून गुंड आहे. हे त्याने केलेल्या खुनांचे गाणे आहे. पुढच्या कडव्यात आणखी आहेत."

माझी बोटे टेबलावर जागच्या जागी थांबली. शेजारी सौ.ची मात्र हलत होती. ती ताल धरत नव्हती; टेबलाच्या कडेवर ती पेटीच्या पट्ट्या दाबत होती. "ग प ध," ती पुटपुटली. "ग प ध. सगळे शुद्ध स्वर. बिलावलच आहे हा." आणि मग एकदम डोळे मोठे करून, "अहो, हे तर 'तीन पैशाचा तमाशा'!"

तिचे खरे होते. ३१ ऑगस्ट १९२८ रोजी याच शहरात बेर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचे 'तीन पैशांचा ऑपेरा' हे नाटक पहिल्यांदा झाले, ते १७२८ सालच्या एका इंग्रजी ऑपेरावरून. आणि त्यावरून पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' लिहिला. १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकादमीने तो रंगभूमीवर आणला, दिग्दर्शक जब्बार पटेल. त्यात नंदू भेंडे यांचा अंकुश पाश्चात्य चालींवर गात असे आणि शेजारी लावणी नि नाट्यपदेही असत. सौ.ने तो दादांबरोबर पाहिला होता, हे मला त्या तळघरात प्रथमच कळले. "येताना टिळक रोडवर आम्ही दोघे मोठमोठ्याने गात आलो होतो," ती म्हणाली. मग गप्प झाली, आणि बोटे तिने मांडीवर ओढून घेतली.

गाणे संपल्यावर पियानोवाले गृहस्थ बोलायला उठले. ते दिवसा शाळेत संगीत शिकवतात, हे त्यांनी न सांगताही कळले असते. परदेशी पाहुणे पाहून ते इंग्रजीत म्हणाले, "खुनाचे गाणे ऐकून तुमचे पाय नाचत होते. याची कोणाला लाज वाटली का?" मी पाय खुर्चीखाली घेतले. "लाजू नका. दोष स्वरांचा आहे." आणि त्यांनी वाढदिवसाला म्हणतात ती चाल वाजवली. सगळे हसले. मग तीच चाल, पण मुख्यतः गंधार उतरवून, कोमल करून वाजवली. आता हा वाढदिवस आहे की तेरावा, असा प्रश्न पडावा. मग तीच कोमल गंधाराची चाल त्यांनी भरभर वाजवली, तर जिप्सींचा नाच उभा राहिला. शेवटी शुद्ध स्वरांची मूळ चाल अगदी सावकाश, हलक्या हाताने. ती ऐकून पलीकडच्या टेबलावरच्या आजीबाईंचे डोळे मिटले. चाल एकच, स्वर नि लय बदलून त्यांनी तिचे चार स्वभाव करून दाखवले.

या विषयावर शास्त्रज्ञांनी प्रयोगही केले आहेत, हे दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी सांगितले. त्यांचा स्वभाव असा, की बोलायचे ते दुसऱ्या दिवशी, पण पुराव्यानिशी. अमेरिकेत केट हेवनर या बाईंनी १९३५ साली एकच रचना शुद्ध आणि कोमल अशा दोन्ही अंगांनी वाजवून ऐकणाऱ्यांना तिची विशेषणे निवडायला सांगितली. १९३७ साली त्यांनी लय आणि स्वरांची उंची यांचीही तशीच परीक्षा घेतली. माणसाला संगीत आनंदी वाटण्यात द्रुत लयीचा वाटा फार मोठा, आणि मग शुद्ध गंधाराच्या सप्तकाचा. २००१ सालच्या एका अभ्यासात असे दिसले, की पाच वर्षांचे मूल गाणे हसरे की रडके हे नुसत्या लयीवरून सांगते. स्वरांवरूनही ओळखायला ते सहा ते आठ वर्षांचे व्हावे लागते. आणि हे पटण्याजोगे आहे. आनंदलेला माणूस भरभर बोलतो, त्याचा आवाज चढतो. दुःखी माणूस हळू, खालच्या पट्टीत बोलतो. लय आपण आईच्या बोलण्यातूनच शिकतो. गंधाराचा अर्थ मात्र कानाला हळूहळू शिकवावा लागतो.

मध्यंतरात ते गृहस्थ सरळ आमच्या टेबलाशी आले. इरकलीने त्यांना ओढून आणले असावे. "तुमच्या संगीतात असे आनंदी आणि दुःखी स्वर असतात का?" त्यांनी विचारले.

मी सौ.कडे पाहिले. ती नाही म्हणणार असे मी धरून चाललो होतो. पण कोणी स्वरांविषयी प्रश्न विचारला आणि उत्तर आपल्याला येत असले, की गाणाऱ्या माणसाला गप्प बसवत नाही. ती उठली, स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि पियानोपाशी जाऊन एका बोटाने पाच पट्ट्या दाबल्या. सा रे ग प ध.

"भूप," ती म्हणाली. "माय ब्रदर टॉट मी. फर्स्ट राग." आपल्याकडे पुष्कळांचा पहिला राग भूपच असतो.

"आनंदी!" गृहस्थ म्हणाले.

"शांत," तिने दुरुस्ती केली, आणि लेकीने भाषांतर केले. मग तिने एकच बोट पांढऱ्या पट्टीवरून शेजारच्या काळ्या पट्टीवर नेले. गंधार कोमल झाला. सा रे ग प ध. बाकी सगळे तेच. "शिवरंजनी."

गृहस्थांनी छातीवर हात ठेवला. "दुःखी."

"होय ना?" सौ. म्हणाली, आणि तिने शिवरंजनीतलीच एक चाल वाजवली. पहिल्या चार स्वरांतच माझ्या अंगावर काटा आला. आकाशवाणीची धून! पहाटे सहाच्या सुमाराला केंद्र सुरू होण्याआधी वाजणारी.

"हा तर विलाप आहे," गृहस्थ म्हणाले.

"नो, नो," सौ. चक्क हसली. "धिस इज मॉर्निंग. मिल्क कम्स. टी इज बॉइलिंग. माय ब्रदर इज शेव्हिंग." तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ती हसत होती. पियानोवाले गृहस्थ एकदा पट्ट्यांकडे आणि एकदा तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या शास्त्रात हे बसत नव्हते. आपल्याला मात्र यात नवल नाही. लग्नाच्या मांडवात सनई सकाळपासून वाजत असते. तीच सनई संध्याकाळी मुलीच्या आईला ऐकवत नाही. सनईवाल्याने काही बदललेले नसते.

घंटा झाली आणि आम्ही जागेवर आलो. उत्तरार्धात गाणाऱ्या बाईंनी एक हकीकत सांगितली. मॅकीचे ते गाणे १९२८ साली पहिल्यांदा गायले कुर्ट गेरॉन या नटाने. धिप्पाड देह, मोठा विनोदी माणूस. १९३० च्या 'निळा देवदूत' या प्रसिद्ध बोलपटात जादूगार झाला होता तोच. तो ज्यू. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. मार्चमध्ये संगीतकार वाइल देश सोडून गेला. गेरॉनही गेला, आधी पॅरिसला, मग हॉलंडला. पण तिथे जर्मन फौजा पोचल्या. वेस्टरबोर्क नावाच्या छावणीतून बहुधा दर मंगळवारी पूर्वेच्या मृत्युछावण्यांकडे गाडी सुटे, आणि त्याच छावणीत कैदी झालेले बर्लिनचे नामवंत कलावंत कॅबरे करीत. गेरॉन तिथे गायला. पुढे टेरेझिनच्या छावणीत त्याने 'चक्री पाळणा' या अर्थाच्या नावाचे स्वतःचे कॅबरे काढले. तिथेही तो मॅकीचे गाणे म्हणत असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्याला आउशविट्झला नेऊन मारण्यात आले.

तळघरात कोणी हलले नाही. मला वाटले, आता एखादे गंभीर गाणे होईल. बाईंनी पियानोकडे मान हलवली आणि तेच गाणे पुन्हा सुरू झाले. तीच चाल, तेच शुद्ध स्वर, लय तर पहिल्यापेक्षाही चढी. ग प ध, ग प ध. आजीबाईंनी टेबलावर ताल धरला. फाटक्या विजारीच्या पोरांनी धरला. कोणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हते आणि कोणाचाही ताल चुकत नव्हता. मी शेजारी पाहिले. सौ.ची बोटे पुन्हा टेबलाच्या कडेवर आली होती.

मघाचे माझे कोडे तेव्हा थोडे उलगडले. वीस हजार कोटींचा पाव खाणारी माणसे तळघरात येऊन आनंदी चाली म्हणत, त्या काही आनंद झाला म्हणून नव्हेत. गाण्यातला आनंद हा गाणाऱ्याच्या सुखाचा दाखला नसतोच. तो ऐकणाऱ्याला द्यायचा असतो, आणि देणाऱ्याची झोळी भरलेली असलीच पाहिजे असे नाही.

बाहेर आलो तेव्हा अकरा वाजत आले होते आणि आकाशाच्या कडेला अजून निळसर उजेड होता. चालता चालता लेकीने खिशातला फोन काढला. "आई, ती आकाशवाणीची धून कोणाची, ठाऊक आहे?"

"असेल कोणा पंडितजींची."

"नाही. वॉल्टर कॉफमन या माणसाच्या नावावर आहे. जन्म १९०७, कार्ल्सबाडचा. ज्यू होता. आणि आई, तो शिकला कुठे? इथे. बर्लिनमध्ये."

आम्ही दिव्याखाली उभे राहून बाकीचे वाचले. कॉफमन १९३४ साली मुंबईला आला आणि बारा वर्षे राहिला. मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्य संगीताचा तो प्रमुख होता. आल्यावर आपले संगीत त्याला आधी समजेना. मग तो ते शिकत राहिला, इतका, की १९६८ साली त्याचा उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. १९४६ साली त्याने मुंबई सोडली. धून मात्र राहिली.

सौ. बराच वेळ काही बोलली नाही. पायाशी, फरसबंदीत, मघाचेच पितळी दगड दिव्याच्या उजेडात चकाकत होते. मग ती म्हणाली, "म्हणजे हा माणूस घरदार सोडून आला, आणि आपल्या घराला सकाळ देऊन गेला." एवढे बोलून ती पुन्हा वाकली आणि मघाशी वाचायचे राहिलेले तिसरे नाव तिने वाचले.

मुंबईला परतल्यावर आठवडाभर काही घडले नाही. जेट लॅग, साचलेली वर्तमानपत्रे, कुंडीतली वाळलेली तुळस. एका सकाळी मला कपाटाशी स्टूल धरायला बोलावण्यात आले. पेटी खाली आली, खोळ निघाली. भाता फाटला होता, आणि दोन-तीन सूर अजिबात बोलत नव्हते. दादरहून पेटीवाले आले. त्यांनी झाकण उघडले, आत फुंकर मारली, आणि आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही एखाद्या जिवंत प्राण्याला उपाशी ठेवले होते.

"भाता नवा घालतो. सूर लावून देतो. आणखी काही?" त्यांनी विचारले.

"गंधार जपून लावा," सौ. म्हणाली. "दोन्ही."